शेजारणींची गाणी : सोमाली ऊद आणि अम्हारी क्रार

मागच्या वेळी आपण जात्यावरच्या ओव्यांवर बोललो. आज जरा लांब जायचंय, अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेच्या पूर्व टोकाला. नकाशात शिंगासारखा बाहेर आलेला जो भाग दिसतो तो सोमाली लोकांचा. त्याच्या पाठीशी उंच पठारावर इथिओपिया आहे आणि तिथली एक मोठी भाषा म्हणजे अम्हारी. तसा हा मुलूख आपल्याला अगदी परका नाही. आपले जुने लोक ज्यांना हबशी म्हणत ते मूळचे इकडचे. निजामशाही सांभाळणारा आणि आजचं छत्रपती संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर इथूनच गुलाम म्हणून विकला गेला होता.

या दोन शेजाऱ्यांच्या 1964 मध्ये आणि पुन्हा 1977-78 मध्ये लढाया झाल्या. तरी त्यांच्या गाण्यांचं येणंजाणं थांबलं नाही. हे येणंजाणं राजेरजवाड्यांनी घडवलेलं नाही, म्हणून आम्हाला ते सांगावंसं वाटलं. ट्रक चालवणारे, रेल्वेच्या गावातली पोरं, गुत्त्यात गाणारी जोडपी आणि नाव बदलून रेडिओवर गाणाऱ्या बायका यांचा हा इतिहास आहे.

आधी पठारावर जाऊ. तिथली तीन तंतुवाद्यं लक्षात ठेवा. पहिलं मसिंको. चौकोनी पेटी कोनावर उभी धरल्यासारखी, वर कातडं ताणलेलं, आणि तार एकच, तीही घोड्याच्या केसांची. ते गजानं वाजवतात. दुसरं क्रार. खाली वाडग्यासारखा भाग, वर आडवी दांडी आणि पाच किंवा सहा तारा. तिसरं बेगेना. ते माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं मोठं, दहा तारांचं. त्याचा आवाज भुंग्यासारखा घुमतो. बायबलमधल्या दावीद राजाचं वाद्य म्हणून त्याला मान आहे आणि ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत ते वाजतं. आदिस अबाबा शहर वसवणारी महाराणी तायतू स्वतः बेगेना वाजवायची.

आता गंमत बघा. क्रार आणि बेगेना दिसायला सख्ख्या बहिणी. पण बेगेना देवाची ठरली आणि क्रारला लोक सैतानाचं वाद्य म्हणायचे, कारण तिच्यावर प्रेमाची गाणी होत. एकाच घरातल्या दोन पोरींना वेगळा न्याय, हे आपल्याला काही नवीन नाही.

मसिंको वाजवत गावोगाव फिरणाऱ्या गवयांना अझमारी म्हणतात. मधाच्या दारूला तिकडे तेज म्हणतात. त्या तेजच्या गुत्त्यात अझमारी गातात आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकांची जागच्या जागी कवनं करून खिल्ली उडवतात. बऱ्याचदा नवराबायकोची जोडी असते. वाद्य नवऱ्याच्या हातात, गळा बायकोचा. लोक त्यांना पैसे देत, हसत, पण सोयरीक मात्र करत नसत. ही माणसं किती महत्त्वाची होती ते परक्यांना बरोबर कळलं होतं. 1937 मध्ये इटलीचा अंमल असताना जनरल ग्रात्सियानीनं ज्योतिषी आणि फिरस्ते गवई यांना पकडून ठार मारायचे हुकूम काढले. एका तारेच्या वाद्याची फौजेला केवढी ती भीती!

या सगळ्यात अस्नाकेच वर्कू नावाची बाई क्रार घेऊन उभी राहिली. इथिओपियाच्या रंगभूमीवरच्या सुरुवातीच्या अभिनेत्रींपैकी ती एक. तिच्या वेळी नाटकातल्या बाईला आणि क्रारला दोघींनाही प्रतिष्ठा नव्हती. तिनं दोन्ही धरून ठेवलं. ती 2011 मध्ये गेली. तिची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली तर एकटी क्रार आणि एकटा आवाज एवढंच आहे, आणि दुसरं काही हवंसंही वाटत नाही.

आता पठार उतरून सोमाली माळरानात येऊ. इथली माणसं उंट-शेळ्या घेऊन फिरणारी. शरेरो नावाचं क्रारच्या जातकुळीतलं वाद्य त्यांच्याकडे होतं, पण गाण्याचा खरा आधार टाळी, ढोल आणि शब्द. घर म्हणजे चटया आणि वाकवलेल्या काठ्यांचा तंबू. तो बाईच विणते, बाईच उभारते आणि बाईच मोडून उंटावर लादते. चटई विणतानाचं गाणं वेगळं, धान्य कांडतानाचं वेगळं, दूध घुसळतानाचं आणखी वेगळं. बायकांच्या कवितेला बुरांबुर हे स्वतःचं नाव आणि स्वतःचा छंद आहे. पुरुषांची कविता मोठी मानली जाई, पण सासरचं, सवतीचं, घरातलं बाईचं बोलणं यायचं ते बुरांबुरात.

1940 नंतरच्या वर्षांत अब्दी सिनिमो नावाच्या ट्रक ड्रायव्हरनं प्रेमाची छोटी छोटी कवनं रचून गायला सुरुवात केली. त्यांना बलवो म्हणू लागले. बलवो म्हणजे संकट. आपल्या बोलण्यातली ‘बला’ त्याच अरबी मुळाची. तरुण पोरं वेडी झाली आणि मौलवी चिडले. पुढे हीच कवनं लांबत गेली आणि त्यांना साथ मिळाली ती ऊदची.

ऊद म्हणजे पोटाशी फुगीर, मानेला आखूड असं अरबी तंतुवाद्य. साधारण अकरा तारा असतात. सोमाली लोक त्याला कबान म्हणतात. ते आलं समोरच्या किनाऱ्यावरच्या एडन बंदरातून, आणि इथे आपला खरा धागा जुळतो. 1839 मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेनं एडन घेतलं आणि पुढे नव्वदहून जास्त वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. शिपाई, कारकून, व्यापारी इथून तिथे जात. त्यांच्यामागून सिनेमाही गेला. वडील वारल्यावर अब्दुल्लाही कर्शे नावाचा सोमाली मुलगा या शहरात वाढला. त्याच्या कानावर अरबी गाणी पडत, तशीच आपल्या हिंदी सिनेमांची. सगळ्यांची गाणी आहेत, मग आमची वाद्यावरची गाणी कुठे आहेत, हा प्रश्न त्याला पडला. त्यानं ऊद घेतली आणि ती बलवोच्या शब्दांना जोडली. सोमाली लोक आज त्याला आपल्या संगीताचा बाप म्हणतात.

ती गाणी घरोघरी नेली रेडिओनं. हरगेसा शहरात 1943 मध्ये छोटं रेडिओ केंद्र सुरू झालं. तिथे पहिल्यांदा गायला आलेल्या बायकांना घरच्यांची, टोळीची भीती होती. शमिस अबोकर या गायिकेनं तर गुदूदो अर्वो असं दुसरंच नाव घेतलं. गावानं आवाज ऐकावा, पण बाई कुणाची ते कळू नये!

मग ऊद आणि क्रार एकत्र कशा नांदतात? दोन्हीकडची गाणी मुख्यतः पाच सुरांची आहेत. इथिओपियात तिझिता नावाची एक सुरावट आहे. तिच्या एका प्रकारात नेमके आपल्या भूपाचे सूर लागतात : सा, रे, ग, प, ध. अर्थात चाल वेगळी, लगाव वेगळा. क्रारची प्रत्येक तार एका सुराला बांधलेली असते. सुरावट बदलायची तर तारा पुन्हा लावाव्या लागतात. ऊदच्या मानेवर मात्र पडदे नसतात, त्यामुळे बोट सरकवून हवा तो सूर काढता येतो. म्हणून दोघी एकत्र आल्या की जुळवून घेते ती ऊद. मसिंकोची एक तार तर गळ्याच्या मागेच चालते, मग गळा कुठल्याही भाषेचा असो.

अडचण येते ती शब्दांची. सोमाली गाण्यात ओळीओळीतून एकाच अक्षराचा अनुप्रास सांभाळावा लागतो, तो सुटला की जाणकार हसतात. अम्हारी गाण्यात मेण आणि सोनं ही रीत आहे. वरचा अर्थ मेण, ते वितळलं की आतलं सोनं हाती येतं. भाषांतर करून यातलं काहीच पलीकडे नेता येत नाही. त्यामुळे सूर पुढे गेले आणि दोन भाषा येणारी माणसं त्यांच्या मागून शब्द घेऊन गेली.

अशी माणसं घडली दिरे दावा गावात. जिबूती बंदरातून निघालेली रेल्वे 1902 मध्ये इथवर आली आणि माळावर शहर उभं राहिलं. सोमाली, अम्हारी, ओरोमो, हरारी, अरब सगळे एका बाजारात. इथल्याच अली बिर्रानं पोरवयात अफ्रान कल्लो या ओरोमो गाण्याच्या मंडळात गायला सुरुवात केली. बादशाही सरकारनं त्या मंडळाला दडपलं, तेव्हा तो आदिस अबाबाला गेला आणि बादशहाच्याच अंगरक्षक दलाच्या बँडमध्ये गायला लागला. तो ऊद वाजवायचा आणि ओरोमो, अम्हारी, हरारी, सोमाली अशा कितीतरी भाषांत गायचा. 2022 मध्ये तो वारला.

1977 च्या युद्धात याच भागात रणगाडे फिरले. जिजिगा शहर सोमाली फौजेनं घेतलं आणि काही महिन्यांत इथिओपियानं परत मिळवलं. अकरा वर्षांनी उलटं घडलं. 1988 मध्ये सोमालियाच्या हुकूमशहानं स्वतःच्याच हरगेसा शहरावर विमानातून बाँब टाकले. लाखो माणसं पळाली ती कालच्या शत्रूकडे, इथिओपियात. हार्तिशेखची छावणी जगातल्या सर्वांत मोठ्या छावण्यांमध्ये गणली गेली. मरियम मुरसल ही गायिका पुढच्या यादवीत पाच मुलांना घेऊन सात महिने चालत-भटकत, इथिओपियातून जिबूतीला पोचली. सरकारवर टीका करणाऱ्या गाण्यामुळे तिच्यावर पूर्वी बंदी आली होती, तेव्हा तिनं टॅक्सी चालवून घर चालवलं होतं.

बाँब पडायच्या वेळी हरगेसा रेडिओच्या लोकांना सुचलं ते असं : फिती बाहेर काढा. सोमाली भाषेला ठरलेली लिपीच मुळी 1972 मध्ये मिळाली. त्याआधीचं जे काही होतं ते माणसांच्या तोंडात आणि या फितींवर. काही फिती जमिनीत पुरल्या, काही जिबूतीला आणि इथिओपियात पाठवल्या. युद्ध संपल्यावर त्या उकरून काढल्या. आज हरगेसाच्या सांस्कृतिक केंद्रात दहा हजारांहून जास्त कॅसेट जमल्या आहेत. त्यांतली निवडक गाणी 2017 मध्ये एका संग्रहात निघाली आणि तो संग्रह ग्रॅमी पुरस्काराच्या नामांकनात गेला.

तर मैत्रिणींनो, आपल्याही गावांत कुणाच्या फडताळात ओव्यांच्या, भलरीच्या, भोंडल्याच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट असतील. फीत गुंतली असली तरी ओढू नका, तशीच पिशवीत घालून गटाच्या पुढच्या बैठकीला आणा. केंद्रात चालू टेपरेकॉर्डर आहे. उतरवून घेऊ आणि कॅसेट जिची तिला परत देऊ. पाठीवर गाणारणीचं नाव मात्र आठवणीनं लिहा.