अंकीय माध्यमांचा अभ्यास आणि मराठी अक्षर

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या पाटोदा तालुक्याचे वर्णन करताना 'दऱ्या' हा शब्द टाळता येत नाही. मांजरा नदीचा उगम याच परिसरात होतो आणि सौताड्यास विंचरणेचे पाणी खोल दरीत कोसळते. मात्र या शब्दातील 'र'काराचे रूप बदलले की तो 'दर्या' होतो, आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' ही अशीच दुसरी जोडी व्याकरणाच्या अभ्यासकांना परिचित आहे. स्वयंपाकी आणि गुरू यांतील अंतर तेथे एका रेषेवर अवलंबून असते. हा भेद यंत्रास कसा शिकविण्यात आला, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि महाराष्ट्रातील अंकीय, म्हणजे रूढ भाषेत डिजिटल, माध्यमांचा इतिहास त्याच प्रश्नातून सर्वाधिक स्पष्ट होतो. संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या माध्यमांना मिळालेल्या स्थानाची उणीवही तेथेच दिसून येते.

पाटोद्याच्या विद्यार्थ्याला ज्ञानभाषेचा प्रश्न नवा नाही. हा तालुका निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले. घरी मराठी, कचेरीत उर्दू आणि जुन्या दप्तरांत मोडी अशी येथील व्यवस्था होती. १९४८ साली ते राज्य संपले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये आजही त्याच विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. या सर्व स्थित्यंतरात विज्ञानाची भाषा उर्दूवरून इंग्रजीवर गेली. मराठीवर ती फारशी थांबली नाही.

भारतीय बनावटीचा 'टिफरॅक' हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झाला. विद्यापीठांतून संगणकाच्या पदव्युत्तर पदव्या रुजावयास त्यानंतर दोन दशके लागली. या पदव्यांत माध्यमांचा शिरकाव झाला तो बहुधा 'मल्टिमीडिया' या नावाच्या वैकल्पिक विषयाच्या रूपाने. चित्र म्हणजे बिंदूंची जाळी, ध्वनी म्हणजे ठराविक अंतराने घेतलेली मोजमापे आणि चलच्चित्र म्हणजे या दोहोंचा प्रवाह, अशी त्याची मांडणी असते. १९९२ साली प्रमाण ठरलेली 'जेपेग' ही चित्रसंक्षेपाची पद्धती त्यात तपशिलाने शिकविली जाते. लिखित मजकूर हेही एक माध्यम आहे असे पुस्तके पहिल्याच प्रकरणात सांगतात आणि लगेच पुढे जातात. ज्या भाषेसाठी १९६३ सालीच १२८ स्थानांची 'ॲस्की' संकेतावली प्रमाण ठरली, तिच्या बाबतीत ही घाई क्षम्य म्हणता येईल. देवनागरीच्या बाबतीत ती क्षम्य नाही.

देवनागरी आणि यंत्र यांचा झगडा छापखान्याइतका जुना आहे. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जात असे. या समग्र विषयाचे विवेचन महाराष्ट्र शासनाच्या मुद्रणखात्याचे संचालक बापूराव नाईक यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. संगणकाने खिळे नाहीसे केले, परंतु प्रश्न तसाच राहिला. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांसाठी जे काम झाले, ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले आणि त्यातूनच १९९१ची 'इस्की' ही राष्ट्रीय संकेतावली साकारली. तिचे मूलतत्त्व भाषाशास्त्रीय होते. अक्षर कसे दिसते याची नव्हे, तर ते कसे उच्चारले जाते याची नोंद यंत्राने ठेवावी. 'कि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, परंतु उच्चारात 'क' प्रथम येतो. म्हणून साठवणीतही 'क' प्रथम आणि वेलांटी नंतर. युनिकोडनेही हेच तत्त्व पत्करले.

बाजाराने मात्र निराळी वाट धरली. अक्षरजुळणीसाठी तयार झालेल्या खाजगी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या स्थानांवर देवनागरीचे तुकडे बसविण्यात आले आणि ते दृश्य क्रमाने साठविले गेले. पृष्ठ सुबक छापले जाई. पण फाँट बदलताच मजकुराचा अर्थहीन चिन्हसमूह होई, आणि त्यात एखादा शब्द शोधणे अशक्य. एका दशकाहून अधिक काळ मराठी वृत्तपत्रे व ग्रंथ असेच जुळविले गेले. परिणामी तो मजकूर अंकीय असूनही यंत्राच्या दृष्टीने बव्हंशी मुका आहे. मराठीच्या अंकीय इतिहासातील ही सर्वांत मोठी हानी होय, आणि ती तंत्राच्या अभावी नव्हे, तर माध्यमाच्या स्वरूपाविषयीच्या अज्ञानामुळे झाली.

याच काळात सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी 'मंगल' हा फाँट सिद्ध केला आणि विंडोज २००० बरोबर तो सर्वत्र पोचला. मुंबई आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकविणारा कलावंत आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील तंत्रज्ञ यांच्या सहवासातून हे काम घडले. ज्या विभागांतून संगणकाच्या पदव्या दिल्या जातात, त्यांच्या वर्गांत ते क्वचितच उतरले. विद्यार्थ्याच्या हाती फाँट आला तो तयार वस्तू म्हणून. त्यामागील वाद त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

ते वाद संपलेलेही नव्हते. मराठीतील 'ॲ' या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. 'दऱ्या'तील 'र'काराची कथा तर अधिक बोधक आहे. तो दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' या स्वतंत्र चिन्हास हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दुसरा प्रकार केवळ जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून टिकविण्यात आला. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्रास ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका रूपाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या रूपातील दऱ्या सापडत नाहीत. इतका सोपा आणि इतका सखोल स्वाध्याय माध्यमांच्या अभ्यासक्रमास दुसरा मिळणे कठीण. परंतु २०२०-२१ पासून एम.सी.ए.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि वैकल्पिक विषयांना वाव उरला तोही आक्रसला.

या शिक्षणाची निकड मराठवाड्यात २०२३ साली अनपेक्षितपणे प्रत्ययास आली. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि निजामकालीन उर्दू व मोडी दप्तरे उघडण्यात आली. जातीच्या दाखल्याचा, पर्यायाने मुलामुलींच्या शिक्षणाचा व नोकरीचा प्रश्न त्या ओळींवर अवलंबून होता. वाचणारे मोजकेच होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि दोन शब्दांत अंतरही सहसा सोडले जात नाही. युनिकोडमध्ये या लिपीस २०१४ साली स्थान मिळाले असले, तरी दप्तराची पाने आजही प्रामुख्याने चित्रे म्हणूनच साठविली जातात. चित्रातील नाव यंत्रास शोधता येत नाही. ते मनुष्याने एकेक ओळ वाचूनच काढावे लागते. ती ओळ अक्षरात उतरविणारी प्रणाली घडविण्यास प्रतिमाविश्लेषण जितके हवे, तितकेच मोडीचे ज्ञान हवे. आणि या दोहोंची सांगड घालणारी प्रश्नपत्रिका संगणकाच्या पदव्युत्तर परीक्षेत अद्याप विरळाच.