नळी फुटली तर

जेऊर स्टेशनात गाडी थांबली की चाकांजवळून एक लांब सुस्कारा ऐकू येतो. तो ब्रेकमधली हवा सुटल्याचा आवाज. करमाळा तालुक्यातल्या आम्हा लोकांना पुण्या-सोलापूरला जायला हेच स्टेशन, त्यामुळे हा आवाज लहानपणापासून ओळखीचा. पण दोन डब्यांच्या मध्ये लोंबणाऱ्या काळ्या नळ्यांकडे मी नीट पाहिलं ते घरच्या जुन्या मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचा पाइप बदलायला काढला तेव्हा.

पाइप वाकवला की वरच्या रबराला बारीक भेगा दिसत होत्या. लिव्हर दाबला तर मऊ लागायचा. "बदलून टाक, फुटला तर ब्रेकच नाही," मेकॅनिक म्हणाला. रेल्वेत मात्र उलटं होतं. नळी सुटली तर ब्रेक आपोआप लागतो. काम एकच, मग एवढा फरक का?

जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 साली हवेचा ब्रेक केला, तेव्हा त्यातही मोटरसायकलचाच दोष होता. इंजिनातून हवा सोडली की ब्रेक लागायचा. नळी तुटली की संपलं. 1872 साली त्याने सगळी रचनाच उलटी केली. नळीत दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक लावणार.

हे लगेच सगळ्यांनी स्वीकारलं नाही. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळच्या चढावर सहलीची एक गाडी अडली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. पुढचे डबे आधी वर न्यावेत म्हणून गाडी दोन भागांत सोडवली; त्याबरोबर नळीही सुटली आणि मागच्या डब्यांना फक्त गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड उरले. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. 80 च्या आसपास माणसं गेली, त्यांत बरीच मुलं. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. आपल्याकडे साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच तत्त्वावर: साखळीने ब्रेकच्या नळीला मुद्दाम एक भोक पडतं, एवढंच.

रस्त्यावरच्या वाहनांचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. माल्कम लॉकहीडचा तेलाचा ब्रेक 1921 साली डुसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना आला. त्यात साठवलेली ताकद कुठेच नाही. बोटांचा जोर तेल पुढे नेतं, नळी फुटली की तो जोर रस्त्यावर सांडतो. होंडाने 1969 साली सीबी 750 ला पुढे असाच डिस्क ब्रेक दिला. आपल्याकडे तो यायला फार वेळ लागला. यामाहाच्या आरडी 350 ला डिस्क होती, पण 1983 साली तीच गाडी राजदूत 350 म्हणून इथे आली ती ड्रम ब्रेक घेऊन. 1999 ची सीबीझेड आणि 2001 ची पल्सर यांच्यामुळे डिस्क गावोगावी पोचली, आणि तिच्याबरोबर हा रबरी पाइपही. मोटरसायकलला आधार इतकाच, की पुढचा आणि मागचा ब्रेक वेगळे असतात. आमच्या गाडीचा मागचा ब्रेक लोखंडी सळईवर चालतो.

यामाहाच्या अनेक पुस्तिकांत हा पाइप दर चार वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. आमचा पाइप गाडीइतकाच जुना होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, तो रबरातूनही आत झिरपतो. डॉट 4 प्रतीचं कोरडं तेल किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा 155 वर येते. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते. रेल्वेचा ब्रेक ज्या हवेवर चालतो, तीच इथे शत्रू.

नवा पाइप लावताना दोन्ही टोकांना तांब्याचे वायसरही नवेच घातले. टाकीवर तेल सांडू नये म्हणून फडकं टाकलं होतं, कारण ते रंग खातं. मग मी लिव्हर दाबून धरायचा, मेकॅनिक खाली कॅलिपरचा निप्पल सैल करून पुन्हा आवळायचा. पारदर्शक नळीतून बुडबुडे येत होते. ते थांबायला अर्धा तास लागला.