काजव्याच्या उजेडाचा मालक कोण?

कोलंबसाने अमेरिकेचा ‘शोध लावला’ आणि ग्रॅहम बेलने टेलिफोनचा ‘शोध लावला’, असे आपण सहज म्हणतो. आधीपासून असलेली गोष्ट सापडणे आणि नसलेली घडवणे, दोन्हींना मराठीत एकच शब्द. पेटंटचा कायदा मात्र नेमका या फरकावर उभा आहे. तो फरक मला काजव्याच्या इतिहासातून नीट समजला.

काजवा भुंगेऱ्यांच्या कुळातला. त्याचा उजेड पडतो तो ल्युसिफरेज नावाच्या एन्झाइममुळे. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय त्यावर काम करत होते. शंभर काजव्यांमागे २५ सेंट देऊ, असे त्यांनी जाहीर केले आणि गावातली मुले बाटल्या भरभरून काजवे आणू लागली. पेशीतली ऊर्जा वाहणारा एटीपी हा पदार्थ मिळाल्याशिवाय हा दिवा पेटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच आज अन्नातले जिवाणू शोधायलाही ल्युसिफरेज वापरतात.

१९८५ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्लीन डेलुका, डोनाल्ड हेलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी काजव्याचे हे जनुक जिवाणूत बसवले. पुढच्या वर्षी तंबाखूचे रोप उजळले. आता एन्झाइमसाठी काजवे पकडायची गरज उरली नाही. मालकीचा प्रश्न मात्र उभा राहिला.

त्याची वाट आधीच मोकळी झाली होती. मूळचे बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेल पचवणारा जिवाणू घडवला होता. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो पेटंटयोग्य ठरवला. २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली: निसर्गातले जनुक नुसते वेगळे काढले, तर ते पेटंटयोग्य होत नाही. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ देखील निसर्गात असलेल्या पदार्थाच्या नुसत्या शोधाला पेटंट नाकारते.

काजव्याचे मूळ ल्युसिफरेज उष्णतेत लवकर निकामी होते. त्यातली काही अमिनो आम्ले बदलून टिकाऊ एन्झाइम बनवणे ही खरी निर्मिती आहे. विस्कॉन्सिनच्या प्रोमेगा कंपनीने अशा एन्झाइमांची पेटंटे घेतली, त्यात मला वावगे वाटत नाही.

धोका पुढे आहे. चार ठिकाणी बदल करायचा आणि हक्क मात्र त्याच्यासारख्या हजारो एन्झाइमांवर सांगायचा! २०२३ मध्ये अँटिबॉडीच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जेवढ्यावर हक्क सांगता, तेवढे सगळे कसे बनवायचे हेही सांगा. हाच न्याय काजव्यालाही लागू व्हावा. केलेल्या बदलाची मालकी बदल करणाऱ्याला द्यावी. उजेड कोट्यवधी वर्षांपासूनचा आहे, तो सगळ्यांचाच राहू द्यावा.