उदरांतील दिवा

सन १९०१ मध्यें हाम्बुर्ग येथें शास्त्रज्ञ व वैद्य यांच्या परिषदेंत ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग ह्या शस्त्रवैद्यानें एका जिवंत कुत्र्याच्या उदरपोकळींत हवा भरली आणि मूत्राशय पाहण्याची दुर्बीण आंत सारून, पोट न चिरतां, आंतील अवयव पाहून दाखविले. त्याचा मूळ हेतु मात्र निराळाच होता. जठरांत किंवा आंतड्यांत रक्तस्राव सुरू झाला म्हणजे पोट उघडावें, तर रोगी आधींच अर्धमेला. न उघडावें, तर रक्त थांबत नाहीं. अशा वेळीं कापसांतून गाळलेली हवा दाबून भरली, तर त्या दाबानेंच स्राव थांबेल, असें केलिंगला वाटे. आंत काय घडतें तें पडताळावें, म्हणून ती दुर्बीण! पुढें औषध बाजूस राहिलें आणि अनुपानच कामास आलें. १९१० सालीं स्टॉकहोमच्या याकोबेउसनें जलोदराच्या रोग्यांवर ही युक्ति योजिली. पण पाहणें वेगळें, कापणें वेगळें. १९८० सालीं कील येथील कुर्ट झेम ह्या स्त्रीरोगतज्ज्ञानें अशाच छिद्रांतून आंत्रपुच्छ काढलें, तेव्हां त्याच्याच देशांतील शस्त्रवैद्यांनीं त्याच्यावर टीकेची झोड उठविली. केलिंग तें पाहावयास उरला नव्हता. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेनवरील बाँबवर्षावांत त्याचा अंत झाला होता.