डोमेन एक्स्टेन्शन्स, नवी : स्पॅम व गैरवापर

संकेतस्थळाच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणाऱ्या भागाला डोमेन एक्स्टेन्शन म्हणतात. ‘.कॉम’, ‘.नेट’, ‘.ऑर्ग’ अशा मोजक्या नावांची ही यादी खुली करण्याचा निर्णय इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने जून २०११ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत घेतला. अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर असूनही १,९३० अर्ज आले. ऑक्टोबर २०१३ पासून नवी एक्स्टेन्शन्स वापरात येऊ लागली आणि यथावकाश त्यांची संख्या बाराशेच्या वर गेली.

एवढी नावे विकत घेणारे प्रामाणिक गिऱ्हाईक बाजारात नव्हते. एक्स्टेन्शन चालवणाऱ्या कंपनीला आयकॅनचे वार्षिक शुल्क तर भरावेच लागते. म्हणून अनेकांनी नावे डॉलरपेक्षा कमी दरात, काहींनी चक्क फुकट वाटली. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ते पथ्यावर पडले. ते शेकड्याने नावे घेतात, एकेक नाव थोडा काळ वापरतात आणि काळ्या यादीत गेले की चहाच्या कागदी कपासारखे फेकून देतात. नव्या नावाला पूर्वेतिहास नसल्याने सुरुवातीला फिल्टरही फसतो.

आयकॅनसाठी झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासानुसार, २०१६ च्या अखेरच्या तिमाहीत जुन्या एक्स्टेन्शन्समध्ये दर दहा हजार नावांमागे ५६.९ नावे स्पॅमची होती, नव्यांमध्ये ५२६.६. मात्र हा दोष सरसकट सगळ्यांचा नव्हता. स्वस्त विक्री करणाऱ्या काही एक्स्टेन्शन्स व रजिस्ट्रार (ग्राहकांना नावे विकणाऱ्या कंपन्या) यांच्याकडेच तो एकवटला होता. त्यांपैकी जिब्राल्टरच्या ‘आल्पनेम्स’ या रजिस्ट्रारचा परवाना आयकॅनने २०१९ मध्ये रद्द केला. याउलट अर्जदाराची पडताळणी करणाऱ्या ‘.बँक’सारख्या एक्स्टेन्शन्सना हा उपद्रव फारसा झाला नाही. नवेपणापेक्षा दर आणि पडताळणीचा अभावच याच्या मुळाशी आहे. टोकेलाऊ बेटांचे ‘.टीके’ हे जुने, पण फुकट मिळणारे देशनामही तितकेच बदनाम झाले. ते वाटणाऱ्या ‘फ्रीनॉम’वर ‘मेटा’ने खटला भरल्याचे मार्च २०२३ मध्ये उघड झाले आणि त्याच सुमारास तिथली नवी नोंदणी थांबली.

भुर्दंड मात्र भलत्यांनाच पडतो. काही मेल-व्यवस्थापक एखादे एक्स्टेन्शन अख्खेच अडवतात, आणि त्यावर दुकान थाटलेल्या सरळमार्गी व्यावसायिकाचे पत्रही स्पॅममध्ये जाते.

एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकॅनच्या करारदुरुस्तीने फिशिंग, मालवेअर, बॉटनेट यांवर कारवाई करणे एक्स्टेन्शनचालक व रजिस्ट्रार दोघांनाही बंधनकारक केले. त्याच जुलैत ‘.टॉप’ चालवणाऱ्या चिनी कंपनीला करारभंगाची नोटीस गेली. पण करारातल्या गैरवापराच्या व्याख्येत स्पॅम येतो तो अशा गुन्ह्यांचे वाहन असेल तेव्हाच; नुसती जाहिरातींची कटकट तिच्या बाहेर राहते, ही तिची मोठी पळवाट. भारतात रिझर्व्ह बँकेने पडताळणीचा मार्ग धरला : ‘बँक.इन’ हे नाव फक्त बँकांनाच मिळते, आणि त्यावर स्थलांतर करण्यासाठी त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली गेली.