‘रीनल डोस’ : एका संज्ञेचे चरित्र

एखादी संज्ञा रूढ झाली की तिच्यामागचा पुरावा तपासण्याची निकड कोणालाच भासेनाशी होते. वाङ्मयेतिहासातील अशी उदाहरणे आपण वर्गात नेहमी देतो. येथे एक उदाहरण वैद्यकातले पाहावयाचे आहे. औषधशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. कुतूहल आहे ते शब्दाचे.

डोपामिन हे नाव आज आनंद आणि व्यसन यांच्या संदर्भात सर्वतोमुखी झाले आहे. अतिदक्षता विभागातील डोपामिनचा त्या चर्चेशी फारसा संबंध नाही. शिरेतून दिलेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, आणि रक्तातील त्याचे प्रमाण दोनेक मिनिटांत निम्म्यावर येते. म्हणूनच ते अखंड, मोजून द्यावे लागते. १९१० साली लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत बार्जर आणि युइन्स यांनी ते तयार केले. औषध म्हणून त्याला महत्त्व येण्यास मात्र अर्धशतक जावे लागले.

१९६४ साली अमेरिकेत लिऑन गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अल्प मात्रेत डोपामिन दिल्यास निरोगी माणसाच्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि सोडियमही अधिक बाहेर पडते. निरीक्षण अचूक होते. पुढे पाठ्यपुस्तकांत त्याची एक सुबक शिडी झाली : दर किलो वजनामागे मिनिटाला २-३ मायक्रोग्रॅमपर्यंत मूत्रपिंड, ५ ते १० पर्यंत हृदय, त्यापुढे रक्तवाहिन्यांचे आकुंचन. पहिल्या पायरीला नाव मिळाले ‘रीनल डोस’, म्हणजे मूत्रपिंडाची मात्रा. वास्तविक या पायऱ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एकाच मात्रेने दोन माणसांच्या रक्तात डोपामिनचे प्रमाण सारखे राहत नाही. पण नावाने सीमारेषा आखून टाकली होती.

आणि नावाच्या पाठीशी एक दृश्य उभे होते. औषध सुरू केले की लघवी वाढे. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरला याहून बोलके चिन्ह कोणते हवे? परंतु डोपामिन मूत्रनलिकांतील सोडियमचे पुनःशोषण रोखते, त्यामुळे लघवी वाढणारच. मूत्रपिंड वाचले असा त्याचा अर्थ होत नाही. चिन्ह खरे होते, वाचन चुकले होते. समीक्षेच्या विद्यार्थ्याला ही चूक परकी वाटू नये.

२००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संशोधकगटाने २३ अतिदक्षता विभागांतील ३२८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. काहींना अल्प मात्रेत डोपामिन, काहींना निष्क्रिय द्रव. क्रिएटिनिन, डायलिसिसची गरज, मृत्यू : कशातही फरक आढळला नाही. २००३ मध्ये होम्स आणि वॉली यांनी तर आपल्या लेखाच्या शीर्षकातच या प्रथेला ‘वाईट वैद्यक’ म्हटले. नावाला नावानेच दिलेले हे उत्तर मला विशेष वाटते.

प्रश्न केवळ निरुपयोगितेचा नव्हता. शॉकमधील १६७९ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोपामिन घेणाऱ्यांपैकी २४.१ टक्क्यांच्या हृदयाची लय बिघडली. नॉरएपिनेफ्रिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १२.४ टक्के होते. तेथील मात्रा अर्थात मोठ्या होत्या. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी अल्प मात्रेतील डोपामिन वापरू नये, असे २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी स्पष्टच सांगितले. मंदावलेल्या हृदयगतीवर मात्र, ॲट्रोपिनने काम भागले नाही तर, डोपामिनचा पर्याय आजही राखून ठेवलेला आहे.