मूलच्या थांब्यावरून एसटीचा हिशेब
वनजिल्ह्यांतील बससेवा : सरकारी योजना, त्यांची व्याप्ती आणि मर्यादा

मूल (जि. चंद्रपूर) : चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे आणि मूल हे या मार्गाच्या मध्यावरील तालुक्याचे गाव आहे. येथून एक रस्ता सिंदेवाही, नागभीडकडे, दुसरा सावलीमार्गे गडचिरोलीकडे, तर तिसरा पोंभुर्ण्याकडे जातो. गोंदिया-चांदाफोर्ट लोहमार्गावर मूल-मरोडा हे स्थानक असले, तरी शाळा, दवाखाना, तहसील कार्यालय आणि आठवडी बाजार यांसाठी परिसरातील खेड्यांची भिस्त राज्य परिवहन महामंडळाच्या एसटीवरच आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात तर दीर्घकाळ देसाईगंज (वडसा) हे एकमेव रेल्वेस्थानक होते. त्यामुळे सार्वजनिक बससेवेचा विस्तार हा या भागात सोयीपेक्षा गरजेचा विषय ठरतो.

एसटी विदर्भात कशी आली?

मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला महामंडळाचे स्वरूप मिळाले. मूल हे गाव त्या वेळी जुन्या मध्य प्रदेशातील चांदा जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथील प्रांतिक परिवहन सेवा मुंबईच्या महामंडळात सामील झाली. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६१ मध्ये महामंडळाला आजचे नाव मिळाले. 'गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी' हे घोषवाक्य पुढे घरोघरी पोहोचले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. एसटीची रचना मात्र जिल्ह्याच्या सीमांशी तंतोतंत जुळत नाही. चंद्रपूर विभागात चंद्रपूर, राजुरा, वरोरा आणि चिमूर ही आगारे, तर गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी ही आगारे, अशी विभागणी राहिली. ब्रह्मपुरी हे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील, पण आगार गडचिरोली विभागातील. या यादीत मूलचे नाव दीर्घकाळ नव्हते. ज्या गावात स्थानक आहे पण आगार नाही, तेथील प्रवाशांना दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाड्यांवर अवलंबून राहावे लागते. मूळ आगारात गाडी बिघडली वा चालक रजेवर गेला, तर पहिली कात्री लागते ती दूरच्या खेड्यांच्या फेऱ्यांना.

विद्यार्थिनींसाठी निळ्या गाड्या

ग्रामीण भागातील मुलींची शाळागळती रोखण्यासाठी मानव विकास कार्यक्रमातून स्वतंत्र गाड्या देण्याचा निर्णय २०११ मध्ये झाला. मानव विकास निर्देशांकात मागे असलेल्या राज्यातील १२५ तालुक्यांना प्रत्येकी पाच गाड्या देण्यात आल्या. पुढे ही संख्या सातवर नेण्यात आली. निळ्या रंगामुळे या गाड्या सहज ओळखू येतात. त्यांचे वेळापत्रक शाळेच्या घंटेशी बांधलेले असावे, ही मूळ अट आहे. मुलींना यातून शाळेपर्यंत मोफत प्रवास मिळतो. याखेरीज अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना मोफत पास मिळतो, तर इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे.

वनजिल्ह्यांत या गाड्यांचे मोल अधिक आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील मूल, सावली, सिंदेवाही या तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. सायंकाळची गाडी चुकली वा रद्द झाली, तर मुख्य रस्त्यावरील फाट्यापासून गावापर्यंतची दोन-तीन किलोमीटरची पायपीट येथे केवळ दमवणारी नसते, ती जिवावर बेतू शकते.

सवलती वाढल्या, गाड्या घटल्या

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, तर १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे लागू झाले. ६५ ते ७५ वयोगटालाही निम्मी सवलत आहे. या सवलतींची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला द्यावयाची असते. ती वेळेवर मिळाली नाही, तर डिझेल, सुटे भाग आणि वेतन यांची ओढाताण होते.

करोनाची टाळेबंदी आणि त्यापाठोपाठ शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी ऑक्टोबर २०२१ अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप, यांनी ग्रामीण फेऱ्यांची घडी विस्कटली. जुन्या गाड्या मोडीत निघाल्या आणि नव्यांची खरेदी रखडली. सवलतींनी प्रवासी परत आले, तेव्हा ताफा पूर्वीपेक्षा लहान झालेला होता. जून २०२५ मध्ये सरकारने महामंडळाची श्वेतपत्रिका मांडली. त्यानुसार संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांवर गेला आहे. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ करण्यात आली.

ताफा वाढविण्यासाठी सरकारने दोन मार्ग धरले. ५,१५० विजेवरील गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला, परंतु पुरवठा फार मागे पडला. दुसरीकडे स्वमालकीच्या अडीच हजारांहून अधिक साध्या गाड्या घेण्याचा निर्णय झाला. खेड्यांच्या दृष्टीने हा दुसरा मार्ग अधिक उपयोगाचा आहे. कारण विजेच्या गाडीला चार्जिंग केंद्र लागते आणि ती प्रामुख्याने शहरांना जोडणाऱ्या मार्गांवरच धावते.

दुर्गम गडचिरोलीत पहिली गाडी

१ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे लोकार्पण मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झाले आणि अहेरी-गर्देवाडा बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर या भागात एसटी प्रथमच पोहोचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काटेझरी, तर जुलैमध्ये भामरागड तालुक्यातील मरकणार येथे पहिली गाडी गेली. नक्षलवाद्यांच्या विरोधामुळे रखडलेले रस्ते पोलीस बंदोबस्तात पूर्ण झाल्यानंतरच हे शक्य झाले. तथापि, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे अनेक पावसाळ्यांत दिसले आहे. पहिली फेरी सुरू होणे आणि ती बारमाही टिकणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

फेरी ठरते कशी?

गाडीतील आसनांच्या तुलनेत किती प्रवासी मिळाले, याला एसटीच्या भाषेत भारमान म्हणतात. भारमान आणि प्रतिकिलोमीटर उत्पन्न घसरले की फेरी तोट्यात धरली जाते आणि ती बंद करण्याचा विचार सुरू होतो. परंतु गाडी बेभरवशाची झाली की प्रवासी काळी-पिवळीकडे वळतात, भारमान आणखी घसरते आणि त्याच आकड्याच्या आधारे फेरी बंद होते. रात्री गावात थांबून पहाटे निघणारी मुक्कामी गाडी या हिशेबात सर्वांत आधी बळी पडते. वस्तुतः रुग्ण, विद्यार्थी आणि भाजी विक्रेते यांना तिचाच आधार असतो.

नवी वा बंद पडलेली फेरी हवी असल्यास ग्रामसभेचा ठराव, विद्यार्थ्यांची शाळानिहाय संख्या आणि शाळेच्या वेळा जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा. प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. त्यानंतर रस्त्याची रुंदी, पूल आणि गाडी वळविण्याची जागा यांची पाहणी होते.

किती गाड्या घेतल्या, हा आकडा मुंबईत जाहीर होतो. मूल परिसरातील खेड्यांना मात्र सायंकाळची शेवटची गाडी रोज येते की नाही, यावरूनच योजनेचे यश मोजावे लागते. महामंडळाने आगारनिहाय रद्द फेऱ्यांची संख्या दरमहा स्थानकावर लावली, तर हे मोजमाप प्रवाशांनाही करता येईल.